कोळसा भरपूर, हवा बंद

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधी मीच लिहितो, म्हणजे धाकटा मेला की जिवंत आहे तेही कळवत नाही, हे तुझं ठरलेलं वाक्य या वेळी वाया जाईल. आम्ही दोघं ठीक आहोत. धुलाई कारखान्यातला माझा बॉयलर मधे दोनदा रुसला, पण माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही. मालकांपुढे माझं चालत नाही, तो भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. नोकरी सांभाळून मी एक नवीन काम धरलं आहे, आणि ते नेमकं तुझ्या विषयातलं आहे. 'पेशीतेज' नावाचं एक चूर्ण आहे. एक सर त्यावर व्याख्यानं देतात. सूट घालतात, हातात छडी घेऊन पडद्यावर पेशीचं चित्र दाखवतात. त्यांचं म्हणणं असं की माणूस थकतो तो त्याच्या पेशी उपाशी असतात म्हणून. प्रत्येक पेशीत एक भट्टी असते, आपण खातो ते अन्न तिथे कोळशासारखं धडाधड पेटतं आणि त्यातून शक्ती निघते. भट्टी हा शब्द ऐकला आणि मी मागची खुर्ची सोडून पहिल्या रांगेत जाऊन बसलो. अख्खा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितलं. लहानपणी तू मला हेच शिकवायचीस, पण त्यात टपल्याच जास्त असायच्या.

सर एक पुस्तिका काढत आहेत आणि तिला जीवशास्त्राच्या एखाद्या शिक्षिकेचे 'दोन शब्द' हवे आहेत. ते मी मिळवून दिले की मला विभागीय ऊर्जादूत करणार आहेत. बिल्ला मिळतो. कारखान्यात मला आजवर फक्त नोटिसा मिळाल्या, तेव्हा एवढं माझ्यासाठी कर.

प्रयोग घरातच सुरू केला आहे. तुझी भावजय हल्ली फार मंदावली आहे. शिवणाच्या दुकानात कामाला तिसऱ्या मजल्यावर चढून जाते तर म्हणे दम लागतो. संध्याकाळी आली की खुर्चीत बसते ती बसतेच. तिला रोज दोन वेळा चमचाभर पेशीतेज दुधातून देतो. नमुन्याची पुडी सोबत आहे, तूही घे. पत्रातला कडूपणा जरा उतरेल.

लोभ आहेच, तो दोन शब्दांत छापून मिळावा.
तुझा,
भुंग्या

११ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ. (विभागीय ऊर्जादूतांना निराळे आशीर्वाद द्यायचे असतात का, ते कळव.)

पुडी मिळाली. माझ्या गुडघ्याला अजून पट्टा आहे, प्रवास बंद आहे आणि शाळेत मी बसूनच शिकवते. त्यामुळे उठून प्रयोग करायचं काम वर्गातल्या मुलींवर टाकलं. तुझं तेज पाण्यात कालवून त्यांनी त्यात आयोडीनचा थेंब टाकला, ते निळंकाळं झालं, म्हणजे पीठ. दुसऱ्या नळीत बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवलं, ते विटकरी झालं, म्हणजे साखर. उरला नारिंगी रंग. त्याची साक्ष चव घेऊन पाहणाऱ्या मुलींच्या जिभांनी संध्याकाळपर्यंत दिली. तुझे सर गोड पीठ विकतात, आणि तू त्या पिठाचा दूत.

आता भट्टी. पेशीत खरोखर भट्टी असती तर जेवणानंतर तुझ्या नाकातून धूर निघाला असता, आणि तू किती जेवतोस ते पाहता शेजाऱ्यांनी केव्हाच बंब बोलावला असता. साखर तव्यावर जाळली तर सगळी उष्णता एकदम निघून जाते, तवा तेवढा काळा होतो. पेशी एवढी उधळी नसते. ती साखर उसवते. तुझी बायको चुकलेली शिवण उसवते ना, एकेक टाका, तशी. टाक्याटाक्याला थोडी शक्ती सुटते. त्यातली काही ऊब म्हणून जाते, काही एटीपी नावाच्या रेणूत साठवून ठेवली जाते, आणि मग स्नायूला, मेंदूला, जिथे लागेल तिथे तो रेणू वापरला जातो. तुझ्याकडे मेंदूचा वापर कमी, त्यामुळे तिथली बचत बरीच असणार.

उसवण्याचं पहिलं काम पेशीतल्या द्रवात होतं. तिथे साखरेचे दोन तुकडे होतात आणि हाती फारसं लागत नाही. खरी कमाई पुढे पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात होते, आणि तिथे अगदी शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन उभा असावा लागतो. साखरेतून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी तोच पदरात घेतो आणि त्याचं पाणी होतं. तो नसला की मागची सगळी रांग जागच्या जागी थांबते, मग वर कितीही साखर ओता. राहता राहिला कार्बन डायऑक्साइड. तो आपण श्वासावाटे सोडतो, तुझे सर व्याख्यानावाटे सोडतात.

दोन शब्द मागितलेस ते देते: निव्वळ थाप. ठळक टाइपात छापायला सांग.

वहिनीला नुसतं दूध दे. तिच्या पेशी उपाशी नाहीत, तुला वैतागल्या असतील.

आशीर्वाद आहेत, अक्कल ज्याची त्यानं आणावी.
तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे चहाच्या सुट्टीत बॉयलरखोलीच्या दारात वाचून दाखवलं. आता इस्त्रीवाला, गाठोडी बांधणारे, धुण्याच्या यंत्रावरच्या बायका, सगळे तुझ्या पत्राची वाट बघतात. बाबा नव्हते का दोन्ही आत्यांची पत्रं अख्ख्या घराला बसवून मोठ्यानं वाचायचे, आणि जिचं पत्र जास्त झोंबेल तिला मानायचे? आपल्या घरात कोणी कोणाला सरळ बरा आहेस का विचारलेलं मला आठवत नाही. टोमणा आला की समजायचं, माया शाबूत आहे. त्या हिशेबानं तुझी माझ्यावर फारच माया दिसते.

पण तुझ्याच पत्रात तू कबूल केलंस की शक्ती साखरेतूनच निघते. मग सर तरी वेगळं काय सांगतात? सर म्हणाले, शिक्षकांचं असंच असतं, पुस्तक पाठ आणि माणूस सपाट. मी हसलो, पण तुझ्या बाजूनं.

पुरावा घरातच आहे. गुण लवकर दिसेना म्हणून मी चमचे दुप्पट केले, आणि आता बघ. तिची छाती बसल्या जागी धडधडते. सरांच्या मदतनीस बाई म्हणाल्या, पेशी जाग्या होत आहेत. जिना चढताना पोटऱ्या भरून येतात, म्हणजे स्नायूंतलं जुनं विष निघतंय. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ती कच्चे तांदूळ चघळते आणि घरी आली की बर्फ कडाकडा खाते, म्हणजे शरीर आपलं इंधन आपणच मागायला लागलं आहे. आणि रंग तर असा उजळला आहे की शेजारीण विचारत होती कोणती क्रीम लावता. बायकांचं ते जे असतं, ते तिला हल्ली बरेच दिवस चालतं म्हणे. तिनं बाईंच्या कानात सांगितलं, बाईंनी मला सांगितलं की ही शुद्धी आहे, घाबरायचं नाही. त्यात मी जास्त खोलात गेलो नाही. पुरुषानं जाऊ नये.

बिल्ला अजून आला नाही. तुझे ते दोन शब्द मी सरांना दाखवलेले नाहीत.

लोभ ठेव, पण असा झणझणीत नको.
तुझा,
भुंग्या

२७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले पुष्कळ पाहिले, चमचाभर पिठानं डॉक्टर झालेला तूच पहिला.

दम, धडधड, भरलेल्या पोटऱ्या, बर्फ, कच्चे तांदूळ, पांढरा पडलेला चेहरा, आणि वर इतके दिवस रक्त जाणं. हे सगळं स्वतःच्या हातानं ओळीनं लिहूनही तुला काही दिसलं नाही. धन्य तुझे डोळे आणि धन्य ती क्रीम. अरे शहाण्या, तिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. ऑक्सिजन काही चालत पेशीपर्यंत जात नाही, त्याला तांबड्या पेशी वाहून नेतात, आणि त्या तयार व्हायला लोह लागतं. ते लोह दर महिन्याला वाहून चाललं आहे. मग शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन येणार कुठून? तिचे स्नायू बिचारे साखरेचे दोन तुकडे करून तेवढ्यावर गाडा ओढतात आणि आंबून जातात. हृदय आहे तेवढंच पातळ रक्त दुप्पट वेगानं फिरवतं, म्हणून धडधड. पेशी जाग्या झाल्या नाहीत रे, त्या गुदमरल्या आहेत.

तू बॉयलरवाला ना? कोळसा भरपूर टाकला आणि हवेची झडप बंद ठेवली तर काय होतं? काळा धूर, आणि वाफ नाही. मग तू काय करतोस? आणखी कोळसा टाकतोस! असला माणूस कारखान्यात असता तर पहिल्याच पाळीला हाकलला असता. घरी मात्र त्याला बिल्ला मिळणार आहे.

आता सांगते तेवढं कर. तिची खालची पापणी बोटानं ओढून बघ. आतून तांबडी दिसली पाहिजे. पांढरी दिसली तर सरांना जाहिरात छापायला कोरी जागा मिळाली असं समज आणि तिला उद्याच्या उद्या बाई डॉक्टरकडे ने, रक्त तपासून घे. नेलं नाहीस तरी तुझं काही बिघडणार नाही. विधुर ऊर्जादूत म्हणून एकदम वरची जागा मिळेल.

आशीर्वाद हे पत्र पाळल्यावर मिळतील.
तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला मानलं! हे पत्र आजवरच्या सगळ्या पत्रांच्या वर. 'विधुर ऊर्जादूत' ऐकून इस्त्रीवाला इतका हसला की एका शर्टाची पाठ जळाली, आणि त्याचं खापरही मालकांनी माझ्यावर फोडलं. सुट्टीभर सगळे एकमेकांच्या पापण्या ओढून बघत होते. गाठोडीवाल्याची पांढरी निघाली असं ठरलं, मग कळलं त्याच्या डोळ्यात साबण गेला होता. पत्र मी बॉयलरखोलीच्या भिंतीला चिकटवून टाकलं आहे. येणारा-जाणारा वाचतो.

घरीही वाचून दाखवलं. तुझी भावजयसुद्धा हसली. हसता हसता भिंतीला धरून खालीच बसली, म्हणाली, वन्सं म्हणजे वन्सं. पापणी बघू दे म्हटलं तर पदर डोळ्यावर घेऊन पुन्हा हसायला लागली.

डॉक्टरकडे नेईन, नाही म्हणत नाही. पण या आठवड्यात सरांचं मोठं व्याख्यान आहे आणि पडदा धरायचं काम माझ्याकडे आहे. ते झालं की बघू.

असाच लोभ येऊ दे, भिंतीवर जागा आहे.
तुझा,
भुंग्या

१२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

ती काल दुकानाच्या जिन्यात पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. दुकानातल्या बायकांनी उचलून रुग्णालयात आणलं आणि मला कारखान्यात निरोप पाठवला. मी पोचलो तेव्हा तिचे ओठ कागदासारखे होते.

हिमोग्लोबिन चार आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, एवढ्यावर ही जिने चढत होती याचंच आश्चर्य आहे. रक्त चढवत आहेत. गर्भाशयात गाठ आहे, तिच्यामुळे इतकं जात होतं. गाठ साधी असावी, पण अंगात जरा रक्त आलं की काढावी लागेल. त्याआधी हृदयावर ताण येऊ नये एवढंच बघायचं आहे. आजची रात्र नीट गेली पाहिजे असं त्या म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, हे केव्हापासून होतंय. मला सांगता आलं नाही. विचारलं, औषध काय चालू आहे. मी पिशवीतला पेशीतेजचा डबा दाखवला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुला प्रवास करता येत नाही हे माहीत आहे. तिला पत्र लिही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

भुंग्या

२९ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी घरी आले. गाठ साधीच निघाली, कापून टाकली. आता उशा लावून बसले आहे आणि हे पत्र स्वतः लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे त्याला आजार कारण नाही, ते आधीपासूनच तसं आहे.

पहिल्या रात्री रक्त चढत होतं तेव्हाची एकच गोष्ट लक्षात आहे. पहाटे कधीतरी माझे पाय गरम झाले. कितीतरी महिने मी मोजे घालून झोपत होते आणि सगळ्यांना सांगत होते की फरशी गार आहे. पाय गरम झाले आणि मला रडू आलं. त्यानंतर भूक लागली, खरी भूक, तांदूळ चघळायची नव्हे. तुमच्या पेशी आणि तंतुकणिका काय करत असतात ते मला अजून नीट समजलेलं नाही, पण त्या रात्री त्या कामाला लागल्या एवढं समजलं.

तुमच्या भावाचं सांगते. पापणी बघायची राहिली याची भरपाई ते आता करत आहेत. सकाळी चहाच्या आधी, दुपारी, संध्याकाळी, बॅटरी लावून माझी पापणी ओढतात. डोळा सुजला तेव्हा डॉक्टर बाईंनीच त्यांना रागावून बंद करायला लावलं. ऊर्जादूत होणार नाही म्हणून सांगायला गेले, तर सर गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात गेलेले. उरलेल्या डब्यांची यांनी कारखान्यात कपड्यांसाठी खळ केली. पीठच आहे, वाया कशाला घालवायचं, असा विचार. कुण्या बड्या साहेबांच्या सगळ्या कॉलरी नारिंगी झाल्या आणि वर मुंग्या लागल्या. मालकांनी आणखी एक नोटीस दिली. एवढं सगळं करून मला रात्री विचारतात की तू माझ्यावर रागावली आहेस का. रागावले आहे. सांगितलं तसं. तिसऱ्या दिवशी पाणी तापवून माझे पाय धुऊन दिले. असू दे.

रुग्णालयात असताना तुमचं पत्र मिळालं, यांच्याच नावाच्या पाकिटातून. त्यात एकही टोमणा नव्हता. बाळ, जपून राहा, काळजी करू नकोस, असं सगळं गोड. वन्सं, ते मी दोनदा वाचलं. मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला परस्पर काहीतरी कळवलं आहे आणि मी काही यातून उठत नाही. परिचारिकेला बोलावून विचारलं, तिनं नाडी बघितली आणि मला वेड्यात काढलं. तेव्हा पुन्हा असं करू नका. तुम्ही गोड बोललात की माणूस धास्तावतं.

पण एक गोष्ट लिहायची आहे आणि ती हसून लिहिता येत नाही.

त्या दिवशी तुमचं ते पापणीचं पत्र यांनी घरी वाचलं तेव्हा मी हसले. सगळे हसतात म्हणून हसले. हसत असताना मी ऐकत होते की माझ्या अंगात रक्त उरलेलं नाही. मला ते माहीत होतं. चादरी आणि कपडे धुणारी मीच. हे उठायच्या आत धुऊन वाळत घालायची. सरांच्या त्या बाईंना एकदा सांगून बघितलं, त्यांनी शुद्धी म्हणून हातात डबा दिला. मग कोणाला सांगणार? तुमच्या घरात जे हसत हसत सांगता येतं तेवढंच सांगायची रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तीच शिकले, आणि हे काही हसत सांगता येईना.

तुम्ही बरोबर ओळखलंत, इतक्या लांबून, नुसत्या पत्रावरून. यांनी ओळखलं नाही आणि मी बोलले नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या की तेव्हाच आले असते तर जिन्यात पडायची पाळी आली नसती. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त एवढं सांगते की माझ्या रक्ताबद्दलचं ते पत्र तुम्ही यांच्या नावानं पाठवलंत. ते आधी इस्त्रीवाल्यानं ऐकलं, मग गाठोडीवाल्यानं, मग यंत्रावरच्या बायकांनी, आणि सगळ्यांत शेवटी मी. ते माझ्या नावानं आलं असतं तर मी दार लावून एकटीनं वाचलं असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते.

भावावरचा लोभ जसा आहे तसा असू द्या. माझ्यावर असेल, तर पाकिटावर माझं नाव घालावं.
आपली,
भावजय